वेलस्ली घराणे आणि आर्थर वेलस्ली : एका सरदारपुत्र सेनानीच्या कौटुंबिक चरित्राचा अभ्यास

प्रस्तावना

महाराष्ट्राच्या इतिहासाच्या अभ्यासकाला आर्थर वेलस्ली भेटतो तो इ. स. १८०३ मध्ये. एप्रिलमध्ये तो पुण्यात येतो, ऑगस्टमध्ये अहमदनगरचा किल्ला घेतो, सप्टेंबरमध्ये असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजांचा पराभव करतो आणि वर्षअखेर दोन तह पदरात पाडून घेतो. त्यानंतर आपल्या पाठ्यपुस्तकांतून तो नाहीसा होतो. युरोपच्या इतिहासाच्या प्रश्नपत्रिकेत वॉटर्लूचा विजेता 'ड्यूक ऑफ वेलिंग्टन' म्हणून तो पुन्हा अवतरतो, तेव्हा हा तोच मनुष्य असल्याचे पुष्कळ विद्यार्थ्यांच्या ध्यानातही येत नाही. उलट गव्हर्नर जनरल लॉर्ड वेलस्ली आणि जनरल वेलस्ली ही एकच व्यक्ती समजून लिहिलेली उत्तरे दरवर्षी तपासावी लागतात. हा दोष सर्वस्वी विद्यार्थ्यांचा नाही. भावाभावांचे नाते वगळून या काळाचा इतिहास शिकविला की असा घोटाळा होणे अपरिहार्य आहे.

प्रस्तुत लेखात आर्थर वेलस्लीच्या लष्करी कर्तृत्वाची जंत्री देण्याचा हेतू नाही. त्याचे घराणे, त्या घराण्याने त्याला दिलेले बळ आणि त्या बळाची पुढे त्याला व इतरांना मोजावी लागलेली किंमत यांचा विचार येथे केला आहे. 'लोखंडी ड्यूक' हा केवळ स्वतःच्या निश्चयावर मोठा झालेला पुरुष होता, अशी प्रतिमा एकोणिसाव्या शतकातील इंग्रज चरित्रकारांनी उभी केली. दुसऱ्या बाजूला, थोरला भाऊ गव्हर्नर जनरल होता म्हणूनच धाकट्याला सेनापतिपद मिळाले, असा निकाल आपल्याकडे सहज दिला जातो. दोन्ही मते अर्धवट आहेत, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

घराण्याची पूर्वपीठिका

वेलस्ली हे मूळचे वेलस्ली नव्हते, ही पहिली गंमत. आर्थरचे आजोबा रिचर्ड कॉली. त्यांनी १७२८ मध्ये गॅरेट वेस्ली या नातलगाची आयर्लंडमधील मीथ परगण्यातील डँगन येथील जहागीर वारशाने मिळताच वेस्ली हे आडनाव घेतले. १७४६ मध्ये ते आयर्लंडच्या सरदारमंडळात बॅरन मॉर्निंग्टन झाले. कॉली घराणे इंग्लंडमधून आयर्लंडमध्ये येऊन स्थायिक झालेल्या प्रोटेस्टंट जमीनदारांपैकी होते. बहुसंख्य कॅथलिक प्रजेवर सत्ता चालविणारा, परंतु लंडनच्या दृष्टीने दुय्यम दर्जाचा असा हा वर्ग होता. आपली प्रतिष्ठा सतत सिद्ध करीत राहण्याची त्याची धडपड वेलस्ली बंधूंच्या स्वभावात अखेरपर्यंत दिसते.

आर्थरचे वडील गॅरेट वेस्ली यांना १७६० मध्ये अर्ल ही पदवी मिळाली. ते उत्तम संगीतकार होते आणि १७६४ मध्ये डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात संगीताचे पहिले प्राध्यापक झाले. संगीतात ते जितके निपुण होते तितकेच व्यवहारात कच्चे होते. १७८१ मध्ये त्यांचा मृत्यू झाला तेव्हा घराण्यावर कर्जाचा मोठा बोजा होता. आई अॅन ही व्हायकाउंट डंगॅनन यांची कन्या. ती करारी व काहीशी कोरड्या स्वभावाची होती. तिच्या पाच मुलगे व एक मुलगी अशा हयात अपत्यांत आर्थर हा तिसरा मुलगा होता.

त्याच्या जन्मतारखेविषयी एक मौजेचा पेच आहे. आर्थर स्वतः १ मे १७६९ हा आपला जन्मदिन मानीत असे. मात्र डब्लिनमधील चर्चच्या नोंदवहीत त्याच्या बाप्तिस्म्याची तारीख ३० एप्रिल १७६९ अशी आहे. जन्माआधी बाप्तिस्मा होणे शक्य नाही. प्राथमिक साधने म्हटली तरी ती एकमेकांशी ताडूनच घ्यावी लागतात, हे वर्गात सांगण्यासाठी याहून सुटसुटीत उदाहरण मिळणे कठीण.

थोरला भाऊ रिचर्ड (जन्म १७६०) हा ईटन व ऑक्सफर्डमध्ये ग्रीक-लॅटिनच्या व्यासंगाने गाजलेला विद्वान होता. वडिलांनंतर तो कुटुंबाचा कर्ता झाला. आर्थरने मात्र ईटनमध्ये तीन वर्षे काढूनही काही चमक दाखविली नाही. पैशाची ओढाताण झाल्यावर त्याला शाळेतून काढून आधी ब्रसेल्सला व पुढे १७८६ मध्ये फ्रान्समधील आंजेर येथील अश्वारोहण विद्यालयात पाठविण्यात आले. हा मुलगा तोफेच्या तोंडी देण्यापलीकडे कशाच्याही उपयोगाचा नाही, असे आईचे मत होते. पुढे ज्या फ्रेंचांशी त्याने इतकी वर्षे युद्ध केले, त्यांची भाषा व घोड्यावरची मांड त्याने त्यांच्याच देशात शिकून घेतली.

खरेदीची बढती

त्या काळी ब्रिटिश सैन्यातील अधिकारपदे विकत मिळत. मार्च १७८७ मध्ये आर्थर ७३ व्या पायदळ पलटणीत एन्साइन म्हणून दाखल झाला आणि सप्टेंबर १७९३ मध्ये ३३ व्या पलटणीचा लेफ्टनंट कर्नल झाला. साडेसहा वर्षांच्या या अवधीत त्याने अनेक पलटणी बदलल्या, पण एकही लढाई पाहिली नाही. त्यातील बराच काळ तो डब्लिनमध्ये व्हाइसरॉयचा एडीसी होता. १७९० पासून ट्रिम या घराण्याच्या हुकमी मतदारसंघातून तो आयरिश पार्लमेंटचा सभासदही होता. बढतीसाठी लागणारा पैसा मुख्यतः रिचर्डने उसना दिला. चोविसाव्या वर्षी कर्नलच्या हुद्द्यापर्यंत पोहोचणे हे कर्तृत्वाचे नव्हे, तर घराण्याच्या पतपुरवठ्याचे फळ होते.

याच सुमारास लॉर्ड लाँगफर्ड यांच्या घराण्यातील कॅथरिन ऊर्फ किटी पेकनहॅम हिला त्याने मागणी घातली. कर्जबाजारी घरातील धाकटा मुलगा म्हणून तिच्या भावाने ती नाकारली. त्याच वर्षी, १७९३ मध्ये, आर्थरने आपली व्हायोलिने जाळून टाकली. वडिलांकडून आलेली ही एकमेव देणगी होती. त्यानंतर त्याने कधी वाद्य हाती धरले नाही. या दोन घटनांचा कार्यकारणसंबंध कोणत्याही कागदाने सिद्ध होत नाही. तथापि पत्ते आणि पार्ट्यांत रमणारा तरुण येथून पुढे लष्करी विषयांवरील ग्रंथ वाचताना दिसतो. १७९४-९५ च्या फ्लँडर्समधील फसलेल्या मोहिमेतून 'काय करू नये' हे आपण शिकलो, असे तो उतारवयात सांगत असे.

हिंदुस्थान : तीन भावांची कारकीर्द

फेब्रुवारी १७९७ मध्ये आर्थर आपल्या पलटणीसह कलकत्त्यास पोहोचला. तेव्हा रिचर्डची नेमणूक झालेली नव्हती. मे १७९८ मध्ये रिचर्ड गव्हर्नर जनरल म्हणून आला आणि खाजगी चिटणीस म्हणून सर्वांत धाकट्या हेन्रीला सोबत घेऊन आला. याच सुमारास आर्थरने वेस्लीऐवजी वेलस्ली असे आडनाव लिहावयास आरंभ केला. थोरल्याने हे जुने, अधिक भारदस्त रूप आधीच स्वीकारले होते. कंपनीच्या राज्याची सूत्रे अशा रीतीने एका घराच्या दिवाणखान्यात येऊन पडली.

४ मे १७९९ रोजी श्रीरंगपट्टण पडले व टिपू सुलतान मारला गेला. हल्ल्याचे नेतृत्व जनरल बेअर्डने केले होते. पूर्वी हैदर-टिपूच्या कैदेत काही वर्षे काढलेला हा ज्येष्ठ अधिकारी. परंतु शहराचा कारभार सोपविण्यात आला तो आर्थरकडे. महिन्याभरापूर्वीच, ५ एप्रिलच्या रात्री, सुलतानपेठेच्या राईत आर्थरचा हल्ला पार फसला होता. त्यामुळे ही नेमणूक अनेकांच्या डोळ्यांत खुपली. ती सेनापती हॅरिसने केली होती, रिचर्डने नव्हे, असे इंग्रज चरित्रकार आवर्जून सांगतात. पण गव्हर्नर जनरलचा भाऊ हाताशी असताना हॅरिसला दुसरे नाव सुचणे कितपत शक्य होते? म्हैसूरच्या व्यवस्थेसाठी नेमलेल्या पाच जणांच्या मंडळातही आर्थर व हेन्री हे दोघे भाऊ होतेच.

मात्र या नात्याची दुसरी बाजूही आहे. १८०१ च्या आरंभी तांबड्या समुद्राकडे जाणाऱ्या मोहिमेचे नेतृत्व रिचर्डने आधी आर्थरला दिले आणि नंतर पक्षपाताचा आरोप टाळण्यासाठी ते बेअर्डला देऊन आर्थरला त्याच्या हाताखाली ठेवले. हा अपमान आर्थर कधीच विसरला नाही. मुंबईत तो ताप व त्वचारोगाने आजारी पडला आणि मागे राहिला. ज्या जहाजाने तो जाणार होता ते पुढे सर्व माणसांसह बुडाले. भावाची मर्जी जशी देत होती तशी हिरावूनही घेत होती, याचा अनुभव त्याने येथे घेतला. यानंतरच्या त्याच्या पत्रांत थोरल्या भावाविषयी एक प्रकारचा अंतर राखणारा सूर उमटू लागतो.

तत्पूर्वी १८०० मध्ये धोंडिया वाघ या बंडखोर सरदाराचा त्याने कर्नाटकात पाठलाग केला. १० सप्टेंबर १८०० रोजी कोणगल येथे धोंडिया मारला गेला. त्याच्या सामानसुमानात त्याचा सुमारे चार वर्षांचा मुलगा सापडला. त्याचे नाव सलाबतखान. आर्थरने त्याला आपल्या तंबूत आणले, त्याचा सांभाळ केला आणि हिंदुस्थान सोडताना त्याच्या पालनपोषणासाठी काहीशे पौंडांची तजवीज करून ठेवली. हा मुलगा पुढे म्हैसूरच्या राजाच्या नोकरीत राहिला व १८२२ मध्ये पटकीच्या साथीत वारला. परक्या मुलाविषयीचे हे वात्सल्य पुढे ध्यानात ठेवावे लागेल.

दख्खनची मोहीम

३१ डिसेंबर १८०२ रोजी वसईचा तह झाला. दुसऱ्या बाजीरावाला पुन्हा गादीवर बसविण्यासाठी निघालेल्या फौजेच्या आघाडीवर आर्थरला मद्रासचा सेनापती स्टुअर्ट याने नेमले. दख्खनचा मुलूख, तेथील रसद, बैल, चारा आणि सरदार यांची माहिती त्याच्याइतकी दुसऱ्या कोणालाच नव्हती, हे नेमणुकीचे कारण खरे होते. अमृतराव पुणे जाळणार अशी वार्ता आल्यावर शेवटची सुमारे साठ मैलांची मजल घोडदळासह त्याने दीड दिवसाच्या आत मारली आणि २० एप्रिल १८०३ रोजी तो पुण्यात दाखल झाला. १३ मे रोजी बाजीराव गादीवर बसला.

निर्णायक गोष्ट घडली ती २६ जून १८०३ रोजी. रिचर्डने दख्खनमधील संपूर्ण लष्करी व राजकीय अधिकार आर्थरच्या हाती दिले. तह करणे, युद्ध पुकारणे आणि सरदारांशी बोलणी करणे या सर्वांसाठी त्याला कलकत्त्याकडे डोळे लावून बसण्याची गरज उरली नाही. याउलट मराठ्यांच्या बाजूला शिंदे, भोसले आणि होळकर यांच्यात परस्पर अविश्वास होता आणि यशवंतराव होळकर तर युद्धापासून दूरच राहिला. एका बाजूला एका घरातील दोन भावांचा एक विचार, दुसऱ्या बाजूला एका राज्यातील तीन घराण्यांचे तीन विचार, अशी ही विषम लढत होती. वेलस्लींच्या यशाची कारणे सांगताना तोफखाना आणि कवायत यांवर आपण जितका भर देतो, तितका या गोष्टीवर देत नाही.

८ ऑगस्ट रोजी अहमदनगरची पेठ शिड्या लावून घेण्यात आली व १२ ऑगस्टला किल्ला पडला. २३ सप्टेंबर रोजी, आजच्या जालना जिल्ह्यातील असई येथे, केळणा व जुई या नद्यांच्या दुआबात गाठ पडली. कर्नल स्टीव्हन्सनची दुसरी फौज दूर होती आणि शत्रू अपेक्षेपेक्षा जवळ निघाला. नदीला उतार नाही असे वाटाडे सांगत होते. समोरासमोरच्या काठांवर दोन गावे पाहून त्यांच्या मध्ये उतार असलाच पाहिजे, असा तर्क आर्थरने केला व तो खरा ठरला. शिंद्यांच्या कवायती पायदळाचा अधिकारी पोलमन याने आघाडी फिरवून नव्या बाजूस तोंड दिले, ही हालचाल त्या सैन्याच्या शिस्तीची साक्ष आहे. मराठी तोफांनी इंग्रजी फौजेची चाळण केली. ७४ वी पलटण जवळजवळ नष्ट झाली. आर्थरचे दोन घोडे त्याच्या मांडीखाली जखमी झाले वा मेले. कंपनीच्या बाजूने सुमारे १,६०० माणसे मेली, जखमी वा बेपत्ता झाली. रणांगणात लढलेल्या त्याच्या नियमित सैन्याच्या मानाने हे प्रमाण भयंकर होते. आपण केलेली सर्वोत्तम लढाई कोणती, असे वृद्धपणी विचारले असता त्याने असईचे नाव घेतले, वॉटर्लूचे नाही. मराठ्यांच्या तोफखान्याला मिळालेले याहून मोठे प्रशस्तिपत्र शोधूनही सापडणार नाही.

२९ नोव्हेंबरला अडगाव व १५ डिसेंबरला गाविलगड पडल्यावर १७ डिसेंबर रोजी रघूजी भोसल्यांशी देवगावचा आणि ३० डिसेंबर रोजी दौलतराव शिंद्यांशी सुर्जी-अंजनगावचा तह झाला. मार्च १८०५ मध्ये आर्थरने हिंदुस्थान सोडला तेव्हा तो 'सर' झाला होता आणि त्याच्याजवळ सुमारे ४२,००० पौंडांची शिल्लक होती. परतीच्या वाटेवर सेंट हेलेना बेटावर तो ज्या घरात उतरला, त्याच जागेत दहा वर्षांनी नेपोलियनचा आरंभीचा मुक्काम पडला.

विवाह आणि कुटुंबकलह

किटी पेकनहॅमला दिलेला शब्द आर्थर विसरला नव्हता. बारा वर्षे तिची भेट नाही, पत्रव्यवहार नाही. मध्यंतरी लोरी कोल या अधिकाऱ्याशी ठरत आलेला विवाह तिने मोडला होता. एका मैत्रिणीच्या मध्यस्थीने मागणी पुन्हा गेली आणि १० एप्रिल १८०६ रोजी डब्लिनमध्ये विवाह झाला. विधी धर्मोपदेशक भाऊ जेरल्डने चालविला. प्रत्यक्ष भेटीनंतर ती फार कुरूप झाल्याचे आर्थर जेरल्डच्या कानात पुटपुटला, असे सांगतात. शब्द पाळणे हा सरदारी धर्म होता. परंतु पाळलेल्या शब्दावर संसार उभा राहत नाही, हे दोघांनाही लवकरच कळून चुकले. घरखर्चातील काही देणी किटीने त्याच्यापासून लपविली. ती उघडकीस आल्यावर हिशेबाच्या बाबतीत काटेकोर असलेल्या नवऱ्याच्या मनातून ती कायमची उतरली. रिचर्डची स्थिती याहून विचित्र होती. ज्या फ्रेंच स्त्रीपासून त्याला पाच मुले झाली होती तिच्याशी त्याने नंतर विवाह केला आणि तिला मागे ठेवून हिंदुस्थानात आला. ती मुले कायद्याने औरस न ठरल्याने त्याची मार्क्विस ही पदवी १८४२ मध्ये त्याच्याबरोबरच संपली. मात्र त्याच मुलांपैकी अॅनच्या वंशात पुढे राणी दुसरी एलिझाबेथ हिची आई जन्मास आली.

१८०९ मध्ये हेन्रीची पत्नी शार्लट ही लॉर्ड पॅजेट या नामांकित घोडदळ सेनानीबरोबर निघून गेली. हा पॅजेट पुढे स्पेनच्या युद्धात आर्थरच्या हाताखाली आला नाही. मात्र १८१५ मध्ये वॉटर्लूला त्याच्याकडेच घोडदळ सोपविले गेले आणि तेथे त्याने एक पाय गमावला. आर्थरने त्याच्याशी अखेरपर्यंत शिष्टाचाराने व्यवहार केला. भावाची अब्रू आणि सैन्याची गरज यांत त्याने काय निवडले, हे उघड आहे. हेन्री-शार्लटचा मुलगा जेरल्ड याला किटीने आपल्या मुलांबरोबर वाढविले.

याच वर्षी हिंदुस्थानातील चित्र युरोपात पुन्हा उभे राहिले. आर्थर पोर्तुगाल-स्पेनमधील सेनापती, रिचर्ड आधी स्पेनमधील राजदूत व डिसेंबरपासून परराष्ट्रमंत्री, हेन्री रिचर्डच्या जागी स्पेनमध्ये आणि दुसरा भाऊ विल्यम आयर्लंडचा मुख्य सचिव. तालाव्हेराच्या विजयानंतर मिळालेल्या सरदारकीसाठी 'वेलिंग्टन' हे नावही विल्यमनेच सुचविले, कारण आर्थर रणांगणावर होता आणि घाई होती. किटीचा भाऊ एडवर्ड पेकनहॅम हा १८१२ च्या सालामांका येथील लढाईत चमकला व ८ जानेवारी १८१५ रोजी न्यू ऑर्लिन्स येथे मारला गेला.

रिचर्डला हिंदुस्थानातील पराक्रमाबद्दल आयरिश मार्क्विसची पदवी मिळाली होती. तिला तो उपहासाने सोन्याचा दुहेरी मुलामा दिलेला बटाटा म्हणत असे. ज्या धाकट्याला त्याने पैसे देऊन पद मिळवून दिले, तो १८१४ मध्ये ड्यूक झाला. १८१७ मध्ये अडचणीत आलेल्या रिचर्डचे लंडनमधील अॅप्सली हाऊस आर्थरने विकत घेतले. १८२८ मध्ये आर्थर पंतप्रधान झाला तेव्हा कॅथलिकांच्या हक्कांचा आग्रह धरणाऱ्या रिचर्डने आयर्लंडच्या व्हाइसरॉयपदाचा राजीनामा दिला. त्याच्या जागी आला तो पॅजेटच. पुढच्याच वर्षी स्वतः आर्थरने कॅथलिक मुक्तीचा कायदा संमत करून घेतला, त्यासाठी लॉर्ड विंचिल्सीशी पिस्तुलांचे द्वंद्वही केले. तरीही त्यासाठी त्याने भावाला सरकारात बोलाविले नाही. दोघांचा समेट व्हायला आणखी बरीच वर्षे जावी लागली.

२४ एप्रिल १८३१ रोजी किटीचे निधन झाले. अखेरच्या आजारात तो तिच्याजवळ बसून होता. पूर्वी कधीतरी त्याच्या दंडावर तिने बांधलेली ताईतासारखी वस्तू अजून आहे का, हे तिने बाहीत बोटे घालून चाचपले व ती तेथेच सापडली, अशी आठवण सांगितली जाते. तीन दिवसांनी तिचा देह घरात असताना संसदीय सुधारणांना विरोध करणाऱ्या ड्यूकच्या खिडक्यांवर जमावाने दगडफेक केली.

मुले

३ फेब्रुवारी १८०७ रोजी जन्मलेला आर्थर रिचर्ड आणि १६ जानेवारी १८०८ रोजी जन्मलेला चार्ल्स हे त्याचे दोन मुलगे. त्यांच्या बालपणीची पाच वर्षे वडील स्पेनमध्येच होते. पुढेही त्यांच्याशी तो कडक व अलिप्त राहिला. पुतण्ये, मित्रांची मुले आणि घरी येणारी परकी पोरे यांच्याशी मात्र तो खेळत असे. सलाबतखानाला तंबूत वाढविणाऱ्या माणसाला स्वतःच्या मुलांशी बोलता येऊ नये, याचे कारण त्याच्या बालपणात शोधावे असे वाटते. वडील लवकर गेले, आईने निकामी ठरविले आणि थोरल्या भावाने मदत केली ती धनकोच्या भूमिकेतून. घराण्यात प्रेम वागविण्याची रीत होती ती नेमणुकांच्या व देण्याघेण्याच्या रूपाने. तीच त्याने पुढे चालविली.

१४ सप्टेंबर १८५२ रोजी वॉल्मर किल्ल्यात वेलिंग्टनचे निधन झाले व १८ नोव्हेंबर रोजी सेंट पॉल कॅथीड्रलमध्ये त्याचा दफनविधी झाला. ड्यूक ऑफ वेलिंग्टन आले अशी वर्दी द्यायची आणि आत यायचा तो फक्त मी, असे दुसरा ड्यूक विनोदाने म्हणत असे. त्याला अपत्य नव्हते, म्हणून १८८४ नंतर पदवी धाकट्या चार्ल्सच्या मुलांकडे गेली. पण या दुसऱ्या ड्यूकने एक काम चिकाटीने केले. वडिलांच्या हयातीत गरवुडने संपादिलेल्या पत्रव्यवहारात जे आले नव्हते, ते कागद त्याने १८५८ ते १८७२ या काळात पंधरा खंडांत छापून काढले. त्यांतील आरंभीचे खंड हिंदुस्थानातील वर्षांचे आहेत. श्रीरंगपट्टणचे बैल आणि धान्य, पुण्याची वाटचाल, शिंद्यांच्या वकिलांशी झालेली बोलणी, रिचर्ड व हेन्रीला लिहिलेली त्रासिक पत्रे असे सारे त्यांत आहे. आपल्या विद्यापीठांतील मराठेशाहीच्या उत्तरकालावरील संशोधनात या खंडांचा आधार घेतला जातो, तेव्हा मुखपृष्ठावरील संपादक हा कोणाचा कोण, हे क्वचितच कोणी पाहतो.